वहीतला एक सभासद

साखर पेठेतल्या रविवार चर्चा मंडळाच्या वहीत एकेचाळीस वर्षांत बोलणाऱ्याचं नाव कधी लिहिलं गेलं नव्हतं. 'एका सभासदाने असे मत मांडले', 'दुसऱ्या एका सभासदाने त्यास हरकत घेतली', एवढंच. नवख्या माणसानं वही उघडली तर त्याला वाटावं, या मंडळात दोनच माणसं आहेत आणि ती जन्मभर एकमेकांशी भांडत बसली आहेत.

त्याला कारण होतं. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा गोऱ्या सोजिरांनी मंडळाच्या खोलीचं कुलूप तोडून वही उचलून नेली होती. कोण काय बोललं ते तिच्यात नावानिशी आणि तारीखवार होतं. दोन दिवसांत पेठेतली सात माणसं उचलली गेली. त्यात ईरप्पाचा थोरला भाऊ होता, आणि मागावर धागे वेगळे धरणाऱ्या बांबूच्या फण्या बांधणारा दस्तगीरसाब होता. भाऊ दीड वर्षानं सुटला. दस्तगीरसाब सुटला तो खोकतच, आणि पुढचा उन्हाळा त्यानं पाहिला नाही. 'चौकात झेंडा लावला पाहिजे' एवढंच तो सभेत बोलला होता. तेव्हापासून नियम झाला: मत लिहायचं, माणूस लिहायचा नाही.

हा नियम आता ईरप्पा सांभाळत होता. मंडळाचा चिटणीस म्हणून त्याला सतरा वर्षं झाली होती. त्याआधी आणि त्याच्या बरोबरीनं त्यानं गिरणीत टाइमकीपरची नोकरी केली होती. भोंगा झाल्यावर दोन मिनिटांनी आलेल्याला दोन मिनिटं उशीर लावणारा माणूस. मग तो त्याचा सख्खा मेहुणा का असेना. निवृत्त झाल्यावर ती सगळी शिस्त त्यानं या वहीत ओतली. दर रविवारी सकाळी नऊला सुताच्या दुकानावरच्या खोलीत सतरंजी पडायची, मागच्या सभेचं इतिवृत्त ईरप्पा वाचायचा, अध्यक्ष सही करायचे आणि मग नवा विषय निघायचा.

१९७१च्या जूनमध्ये दुसरा विषयच नव्हता. मार्चपासून पूर्व बंगालात याह्याखानाचं लष्कर माणसं मारत होतं. लाखो निर्वासित हद्द ओलांडून येत होते. सत्तावीस जूनच्या सभेत अध्यक्ष सिद्धलिंगप्पा वकील यांनी ठराव मांडला: भारत सरकारने आता वाट न पाहता बांगला देशात सैन्य पाठवावे.

पहिल्यांदा सुभेदार मानसिंग बोलले. फौजेतून निवृत्त होऊन ते बँकेच्या दारावर बंदूक घेऊन बसत. "पाठवायचं तर पाठवा," ते म्हणाले, "पर आत्ता न्हाय. तितं नद्या समुद्रावानी फुगत्यात. थंडी पडू द्या."

मग ईरप्पा स्वतः बोलला. वही मांडीवर तशीच ठेवून बोलला.

"तीस साली आपल्या गावात काय होतं ते इथल्या चार-पाच जणांनी तरी डोळ्यांनी बघितलंय. डोक्यावर गांधी टोपी दिसली की मारत होते. तेव्हा वाटायचं, कुणीतरी यावं. कुठूनही यावं. जग म्हणालं, हा इंग्रजांच्या घरचा मामला आहे. घरचा मामला! आज तेच ढाक्याला सांगायचं? मी म्हणतो, जावं. लगेच जावं."

टाळ्या पडल्या. ईरप्पाच्या आयुष्यात त्याच्या बोलण्याला टाळ्या क्वचितच पडल्या होत्या. त्याला बरं वाटलं.

आणि मग खिडकीपाशी बसलेल्या मौलालीनं हात वर केला. मौलाली दस्तगीरसाबचा मुलगा. बापाचंच फण्या बांधायचं काम तो करत होता. वय पन्नाशीच्या पुढं, ईरप्पाहून सात-आठ वर्षांनी धाकटा, आणि त्याच्यापेक्षा दुप्पट हट्टी.

"माझं जरा येगळं हाय," तो म्हणाला. "त्या लोकांना मदत करा. खायला द्या, दवापानी द्या. लढणाऱ्यांना बंदुका द्यायच्या तर त्या पन द्या, लढाई त्यांची हाय. पर फौज पाठवू नका. ईरण्णा, तीस साली आपल्या गावात फौज आली ती पन शांतता राखायलाच आली होती. भिंतीवरच्या नोटिशीत तसंच लिवलं होतं की. फौज कुणाची बी असो, गल्लीत उभी राहिली की पैल्यांदा गरिबाच्या दारात उभी राहते."

 मग मागून चाटी गल्लीतल्या कापडदुकानाचा रुद्रप्पा ओरडला, "ऐकलं का? जीव कुणासाठी तुटतोय बघा की!"

"बंगाल्यांसाठी तुटतोय बे," मौलाली म्हणाला. "ते बी मुसलमानच हायत, ठाऊक नसंल तर सांगतो."

"याह्याखानाची फौज मार खाणार म्हणून पोटात दुखतंय. जा की तुझ्या कराचीला!"

खोलीत एकच कल्ला झाला. वकिलांनी टेबलावरची घंटा वाजवली, पण उशिरा वाजवली, हे ईरप्पाच्या लक्षात आलं. मोजून पाहिल्यासारखं लक्षात आलं. मतं घेतली तेव्हा ठरावाच्या बाजूनं एकवीस हात वर झाले. विरोधात एक. मौलालीनं तो हात पुरता वर धरला, ईरप्पानं मोजेपर्यंत खाली घेतला नाही, आणि मग चपला घालून तो जिना उतरून गेला.

मंगळवारी सहा जणांच्या सह्यांचं पत्र ईरप्पाच्या घरी आलं. मौलाली शेख यांनी देशविरोधी मत मांडले, सबब त्यांचे सभासदत्व रद्द करावे, आणि ठराव एकमताने मंजूर झाल्याची नोंद करावी. पहिली सही रुद्रप्पाची होती. वकिलांची नव्हती, पण भाषा त्यांचीच होती; 'सबब' हा शब्द पेठेत दुसरं कुणी वापरत नसे.

ईरप्पानं पत्र दोनदा वाचलं आणि त्याचं डोकं तापलं. त्याची बायको गौरम्मा जोंधळे निवडत बसली होती. तिनं न विचारताच ओळखलं.

"अय्यो, पुन्हा त्या मंडळाचंच का?"

"मौलाला काढायचं म्हणतात."

"तुमचं त्याचं मत एक हाय?"

"न्हाय. तो चुकतोय. धडधडीत चुकतोय."

"मग तुमाला का राग यायलाय?"

"चुकायचा हक्क वकिलाला हाय आणि त्याला न्हाय?" ईरप्पा एवढ्या मोठ्यानं म्हणाला की शेजारच्या माडीवरून कुणीतरी डोकावलं. "सुभेदार म्हणाले, आत्ता जाऊ नका. त्यांना कुणी विचारलं, तुमी कुणाच्या बाजूचे? मौलानं आधी नाव बदलून यायचं आणि मग मत मांडायचं काय?"

गौरम्मानं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "हे मला कशाला सांगताय? तितं सांगा की."

चार जुलैच्या रविवारी खोली भरली होती. मौलाली आला नव्हता. ईरप्पानं नेहमीच्या एकसुरी आवाजात मागचं इतिवृत्त वाचलं. 'एका सभासदाने ठरावास विरोध केला. लढणाऱ्यांना मदत करावी परंतु सैन्य पाठवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ठराव एकवीस विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर झाला.'

"नाव लिहा," रुद्रप्पा म्हणाला. "सगळ्यांना ठाऊक हाय."

"सगळ्यांना ठाऊक असलं तर लिहायचं कशाला?"

"असलं मत या वहीत बिननावाचं राहिलं तर ते आमच्या सगळ्यांच्या माथी यायचं. उद्या कुणी वाचलं तर म्हणंल, मंडळच तसलं. द्या इकडं ती वही." रुद्रप्पा उठून पुढं आला आणि त्यानं ती ईरप्पाच्या हातातून घेतली. पानं उलटली, एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं आणि त्याचा चेहरा फुलला. "हे बघा! हे ऐका! 'एका सभासदाचे मत: शेजाऱ्याच्या घरातील भांडण त्याचे त्यानेच मिटवावे. आपले सैन्य आत गेले तर ते सुटका करणारे न ठरता नवे धनी ठरेल. पाकिस्तानची अखंडता मोडणे आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नाही.' पाकिस्तानची अखंडता! आता बोला. अजून काय पुरावा पाहिजे?"

सतरंजीवर खळबळ उडाली. "शेम, शेम," कुणीतरी म्हणालं.

पान कुठलं ते ईरप्पानं पाहिलं होतं. त्याला तिथंच थांबवता आलं असतं. त्यानं थांबवलं नाही. टाइमकीपरला वाट बघायची सवय असते.

"अध्यक्षमहाराज," तो म्हणाला, "हे शब्द देशविरोधी ठरवायचे काय?"

वकिलांनी चष्मा पुसला. "निःसंशय. मतस्वातंत्र्याला मर्यादा असते. राष्ट्र संकटात असताना शत्रूच्या अखंडतेची काळजी वाहणारं वाक्य, हे मत नव्हे, हा द्रोह आहे. असा माणूस या सतरंजीवर बसता कामा नये."

"मौलालीला आंतरराष्ट्रीय कायदा कवापास्नं कळाय लागला रं?" सुभेदार मानसिंग भिंतीला टेकूनच म्हणाले.

दोघे-तिघे हसले आणि मग हसायचे थांबले.

ईरप्पानं वही परत घेतली. "हे पान अठरा एप्रिलचं आहे," तो म्हणाला. "त्या रविवारी मौला अक्कलकोटला पुतणीच्या लग्नात होता. हजेरी याच पानावर आहे, त्याच्यासमोर फुली आहे. हे कोण बोललं ते मी सांगणार नाही. मंडळाचा नियम आहे. त्या दिवशी चौदा जण हजर होते. ज्याचं त्याला आठवत असेल."

आठवलं. बघता बघता एकेकाला आठवत गेलं, आणि एकेकाची मान अध्यक्षांच्या खुर्चीकडं वळत गेली. एप्रिलमध्ये वकील उभे राहून बोलले होते, बोट वर करून, आणि 'वा वकीलसाहेब, काय मुद्दा काढला!' म्हणून सगळ्यात पुढं मान डोलावणारा माणूस रुद्रप्पाच होता. ते आता त्यालाही आठवलं असावं. तो खाली बसला.

"त्या वेळची परिस्थिती निराळी होती," वकील म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. "सरकारचं धोरण स्पष्ट झालं नव्हतं. ते विवेचन निव्वळ तात्त्विक होतं."

"तुमचं तात्त्विक," ईरप्पा म्हणाला, "आणि त्याचं देशविरोधी."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण वही त्यानं जोरानं मिटली. एवढा राग त्याला गिरणीच्या संपात साहेबानं बायकांवर पोलीस घातले तेव्हा आला होता, त्यानंतर नाही.

वकिलांनी घसा साफ केला आणि वकिलीच्या गुणानं वाट काढली. सभासदत्व रद्द करण्याचा विषय त्यांनी मागं घेतला. शेखांच्या त्यागी घराण्याबद्दल सर्वांना आदर आहे, असंही म्हणाले. मात्र वाद वाढू नये म्हणून विरोधाची ती दोन वाक्यं इतिवृत्तातून गाळावीत आणि ठराव 'सर्वानुमते' लिहावा, म्हणजे कुणालाच बोल लागणार नाही. पुष्कळ माना हलल्या. घरी जेवायची वेळ झाली होती. ईरप्पा हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पुढच्या रविवारी दुरुस्त प्रत वाचतो, एवढंच म्हणाला. मौला वाचला, हेच त्याच्या मनात घोळत होतं.

दुपारीच तो मौलालीच्या दुकानात गेला. दुकान कसलं, दोन घरांमधली फट. मौलाली बांबूच्या काड्या तासत बसला होता. तासलेली काडी तो उजेडात धरायचा, डोळा बारीक करायचा आणि बहुतेक वेळा टाकून द्यायचा.

"ये ईरण्णा. जिंकून आलास म्हनं."

"कुणी सांगितलं?"

"अर्ध्या पेठेनं. वकिलाचं तोंड कसं झालं ते सुभेदारानं करून दाखवलं मला." तो हसला, पण हसणं लगेच विझलं. "मग, काय ठरलं?"

ईरप्पानं सगळं सांगितलं. दोन वाक्यं गाळायची आणि 'सर्वानुमते' लिहायचं, हेही सांगितलं. सांगताना त्याचा अर्थ त्याला पहिल्यांदा ऐकू आला.

मौलालीनं हातातली काडी खाली ठेवली. "म्हंजे मी बोललोच न्हाई."

"तुला काढत नाहीत ना मौला. ते महत्त्वाचं."

"कुणाला काढत न्हाईत? मी तर त्या वहीत न्हाईच की. मी हात वर केला, तू मोजलास. आता म्हनतोस, सर्वानुमते. मी सर्वांत न्हाई, का माझा हात माझा न्हवता?"

"नाव लिहिलं तर काय होतं ते तुझ्या घरानं बघितलंय. तुझा बाप—"

"बापाचं नको सांगू मला!" मौलाली एवढ्या जोरानं म्हणाला की समोरून जाणारी बाई थबकली. त्यानं आवाज खाली आणला. "बापाचं नाव वहीत होतं म्हनून तो गेला, आसं तुमी लोक म्हनता. मी म्हनतो, वहीत नाव होतं म्हनून गावाला ठाऊक हाय की तो काय बोलला. न्हाई तर तुमच्या हिशेबानं काय झालं आसतं? कुनी तरी एक सभासद मेला आसता."

ईरप्पा पायाशी पडलेल्या काड्या गोळा करायला लागला.

"वकिलाचं बोलनं बिननावाचं, म्हनून तो एप्रिलात एक बोलतो, जूनमंदी दुसरं, आणि मोकळा राहतो. तू माझं पन तसंच सोडवून आनलंस. पर मी सुटायला बोललो न्हवतो, ईरण्णा. माझं चुकत आसंल. तुला वाटतं चुकतंय, मग भर सभेत सांग, भांड माझ्याशी. पर मौलाली हे बोलला, ते लिव."

"धोका आहे मौला."

"कुनाचा? गोरे गेले की."

"गेले," ईरप्पा म्हणाला. मौलालीनं खाली ठेवलेली काडी पुन्हा तासायला घेतली.

अकरा जुलैला मौलाली आला. खिडकीपाशी त्याच्या जागेवर बसला. शेजारच्यानं सरकून जरा जास्तच जागा दिली. ईरप्पानं वही उघडली आणि वाचायला लागला.

"दिनांक सत्तावीस जून. सुभेदार मानसिंग यांनी थंडीपर्यंत थांबावे असे मत दिले. ईरप्पा यांनी सैन्य ताबडतोब पाठवावे असे सांगून तीस सालच्या लष्करी कायद्याचा दाखला दिला. मौलाली शेख यांनी ठरावास विरोध केला. लढणाऱ्यांना सर्व मदत द्यावी, परंतु फौज कुणाचीही असो, ती प्रथम गरिबाच्या दारात उभी राहते, असे ते म्हणाले. त्यांनीही तीस सालचाच दाखला दिला. त्यावर रुद्रप्पा यांनी 'जा की तुझ्या कराचीला' असे उद्गार काढले. अध्यक्ष सिद्धलिंगप्पा वकील यांनी त्यानंतर घंटा वाजवली. ठरावाच्या बाजूने एकवीस, विरुद्ध एक, मौलाली शेख."

"हे काय चाललंय?" वकील उभे राहिले. "एकेचाळीस वर्षांचा नियम!"

"मोडला," ईरप्पा म्हणाला. "खाली लिहिलंय. 'चिटणीसाने नियमाविरुद्ध नावे लिहिली.' मला काढायचं असेल तर त्याचाही ठराव आणा, तोही लिहीन. कुणी आणला त्याच्या नावासकट."

"आणि एप्रिलचं पान?" वकिलांनी विचारलं. आवाज बराच खाली आला होता.

"त्याला मी हात लावलेला नाही. तिथं नाव घालायचं की नाही, ते बोलणाऱ्यानं सांगावं."

बोलणाऱ्यानं काही सांगितलं नाही.

रुद्रप्पा मात्र तांबडालाल झाला होता. "ईरप्पाण्णा, ते कराचीचं कशाला घातलं? रागात बोलतो माणूस. ते काय लिहायचं असतं व्हय?"

"मागच्या रविवारी तूच म्हणालास, नाव लिहा."

"माझं नव्हे!"

सुभेदार मानसिंग एवढे हसले की त्यांना ठसका लागला. आणखी काहीजण हसले. रुद्रप्पा अगदी काकुळतीला आला. "आमच्या आप्पांनी वाचलं तर काय म्हणतील? आमची निम्मी गिऱ्हाइकं बेगम पेठेतली मुसलमान हायत हो. गाळा ती एक ओळ. मी पाया पडतो."

"माझ्या पाया कशाला पडतोस? ज्याला म्हणालास तो तिथं बसलाय."

रुद्रप्पानं खिडकीकडं पाहिलं. मौलाली त्याच्याकडं शांतपणे बघत होता.

"राहू दे की," मौलाली म्हणाला. "माझं हाय तसं त्याचं बी राहू दे. बोललाय तो."

ईरप्पानं वही टेबलावर ठेवली, टाक शाईत बुडवून वकिलांपुढं धरला. वकिलांनी तो घेतला नाही. अशा बेकायदा इतिवृत्तावर आपण सही करणार नाही, असं म्हणून ते टोपी घालून जिन्याकडं गेले. त्यांच्यामागं चौघं गेले. रुद्रप्पा उठला, दारापर्यंत गेला, तिथं उभा राहिला आणि परत येऊन सगळ्यांच्या मागं बसला. लाजेनं बसला की आपल्यामागं काय लिहिलं जाईल या भीतीनं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

ईरप्पानं वही आपल्याकडं ओढली. "अध्यक्ष सिद्धलिंगप्पा वकील यांनी सही करण्यास नकार दिला," असं मोठ्यानं म्हणत त्यानं ते लिहिलं, आणि खाली स्वतःची सही ठोकली.

खोलीत सतरा माणसं उरली होती. त्यांनी सुभेदारांना खुर्चीवर बसवलं. विषय होता अमेरिकेचा. तिथून शस्त्रं भरलेली जहाजं पाकिस्तानला निघाल्याची बातमी पेपरात आली होती. मौलालीचा हात सगळ्यांच्या आधी वर झाला.

"हे बघा, आपली फौज नको म्हनलो मी, म्हनून त्यांच्या बंदुका चालतात असं न्हाई," तो बोलायला लागला. "लोकशाहीच्या गप्पा मारायच्या आणि मारेकऱ्याला काडतुसं पुरवायची, ही कुठली रीत? ते बी त्यांनी त्या देशात घुसनंच हाय. फकस्त स्वतः न येता. आणि याला कुनी घरचा मामला म्हनत न्हाई..."

"सावकाश बोल बे," ईरप्पा मान वर न करता म्हणाला. "लिहायचं असतंय मला. आणि तुझं झालं की मला बोलायचंय. मागच्या वेळचं तुझं मला अजून पटलेलं नाही."